शंट बसवल्यानंतर पाच-सात वर्षांनी काय उरते? (वडिलांच्या शस्त्रक्रियेपूर्वीचा प्रश्न)

नौपाडकर यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांना शंट, म्हणजे मेंदूत साठलेले पाणी पोटात सोडणारी नळी, बसवण्याचा सल्ला मिळाला आहे, त्याबद्दल विचारायचे आहे. ते ७४ वर्षांचे असून निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत ते रोज सकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या मारून येताना भाजी घेऊन येत असत. पुढे दोनाची एक फेरी झाली, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच जाणे उरले, आणि आता घरातल्या घरात चालतानाही पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वळायचे असेल तर जागच्या जागी सात-आठ पावले टाकावी लागतात. दोनदा पडले, सुदैवाने हाड मोडले नाही. सुरुवातीला पार्किन्सन समजून वर्षभर गोळ्या दिल्या गेल्या. त्यांनी काहीही फरक पडला नाही. गेल्या आठ महिन्यांत लघवी आवरेनाशी झाली. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा बरोबर येते, परंतु इतक्या उशिरा येते की विचारणाऱ्याला वाटावे, यांना ऐकूच गेले नाही.

एमआरआयमध्ये मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या बऱ्याच मोठ्या झालेल्या दिसल्या आणि नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे एनपीएच, असे निदान झाले. मणक्यातून ४० मिलिलिटर पाणी काढून चाचणी घेतली. १० मीटर चालायला आदल्या दिवशी २२ सेकंद लागले होते, पाणी काढल्यानंतर १५ लागले. न्यूरोसर्जनांनी डोक्यातून पोटात जाणारा शंट, पाणी किती वाहावे हे ठरवणाऱ्या आणि बाहेरून चुंबकाने सेटिंग बदलता येते अशा व्हॉल्व्हसह, बसवण्याचा सल्ला दिला आहे. वडिलांच्या हृदयात तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे व रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे.

घरात एकमत नाही. काकांचे म्हणणे असे की या वयात डोक्याला भोक पाडायला नको. आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांनी सांगितले की फायदा होतो, पण तो दोन-तीन वर्षांचा असतो आणि मग पहिल्यासारखेच होते. वडील मात्र स्वतःच निर्णय घेणार आहेत. त्यांचा प्रश्न एकच आहे : "मी किती वर्षे चालेन?" शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात काय होते हे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, पाचव्या आणि सातव्या वर्षी काय होते, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

वाशीची सून

माझ्या सासूबाईंची हीच शस्त्रक्रिया ६९व्या वर्षी झाली. आता त्या ७५ वर्षांच्या आहेत. सहा वर्षे जवळून पाहिले असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

चालण्यात फरक पहिल्याच आठवड्यात दिसला आणि तो जवळजवळ तीन महिने वाढत राहिला. प्रत्येक तपासणीच्या वेळी व्हॉल्व्हचे सेटिंग थोडे खाली आणत गेले, एकदम नाही. लघवीचा त्रास निम्म्याहून अधिक कमी झाला. अर्थात त्यातला काही भाग असा होता की पाय हलू लागल्यामुळे त्या बाथरूमपर्यंत वेळेत पोहोचू लागल्या. डायपर केवळ रात्रीपुरता उरला. स्मरणशक्तीबद्दल मात्र मी सावधपणे बोलेन. बोलण्यातला मंदपणा गेला, वर्तमानपत्र पुन्हा हातात आले, परंतु काल कोण येऊन गेले हे विसरणे तसेच राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस पावले पुन्हा लहान होऊ लागली. आम्ही ज्यांना दाखवले त्यांनी वय झाले असे सांगितले, आणि आम्हीही ते मानले, कारण तेच मानणे सोपे होते. पाच महिने असेच गेले. शेवटी मूळ शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांकडे गेलो, तेव्हा त्यांनी सीटी स्कॅन आणि डोक्यापासून पोटापर्यंतच्या नळीचे एक्स-रे काढले. पोटाकडचे टोक जिथे असायला हवे होते तिथे नव्हते. ते पोटाच्या पोकळीतून बाहेर सरकून कातडीखालच्या चरबीत आले होते. तेवढीच बाजू दुरुस्त केली. दुरुस्तीनंतर चालणे परत आले, पण पहिल्या वर्षी होते तितके नाही. ते पाच महिने आम्ही घालवले नसते तर अधिक परत आले असते का, या प्रश्नाचे उत्तर मला कुणी देऊ शकत नाही, आणि मी तो अजूनही मनात विचारते.

चौथ्या वर्षी गुडघ्याचा एमआरआय झाला. त्यानंतर आठ-दहा दिवसांत उठून बसले की डोके दुखू लागले आणि आडवे झाले की थांबू लागले. एमआरआयच्या चुंबकामुळे व्हॉल्व्हचे सेटिंग बदलले होते व पाणी गरजेपेक्षा जास्त वाहत होते. सेटिंग पुन्हा लावले, स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, त्यामुळे एवढ्यावर निभावले. काही नव्या व्हॉल्व्हचे सेटिंग एमआरआयमध्ये हलत नाही, म्हणून तुमचा व्हॉल्व्ह कोणता आहे हे आधीच विचारून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर एक कार्ड देतात, त्यावर व्हॉल्व्हचा प्रकार आणि सेटिंग लिहिलेले असते. आम्ही त्याचा फोटो घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये ठेवला आहे.

आज सासूबाई काठी घेऊन सोसायटीत खाली उतरतात व सेक्टरमधल्या बागेत अर्धा तास बसून येतात. गेल्या वर्षी त्यांना अल्झायमरचेही निदान झाले. शंट नीट चालू आहे, हे तपासून पाहिले आहे. स्मृती तरीही जात आहे. तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला माझ्या घरातले उत्तर असे आहे : सहा वर्षे, आणि अजून चालू आहे.

घोडबंदरचा वाचक

मी डॉक्टर नाही. औषध कंपनीत संख्याशास्त्राचे काम करून निवृत्त झालो आहे आणि पत्नीच्या आजारपणात या विषयावरचे बरेच वाचन झाले. "दोन-तीन वर्षांचा फायदा" हे विधान कुठून येते, हे समजून घेतले तर निर्णय सोपा होईल असे वाटते.

या आजाराचे वर्णन कोलंबिया देशातील न्यूरोसर्जन सालोमोन हकीम यांनी १९६४च्या प्रबंधात केले आणि १९६५ मध्ये रेमंड अॅडम्स प्रभृतींबरोबर ते इंग्रजीत प्रसिद्ध झाले. हकीम यांना विद्युत उपकरणांचा नाद होता. त्यांनी स्वतःच व्हॉल्व्ह तयार केला आणि पुढे त्यांचे पुत्र कार्लोस हकीम यांनी बाहेरून सेटिंग बदलता येणाऱ्या व्हॉल्व्हवर काम केले. तुमच्या वडिलांना सुचवलेला व्हॉल्व्ह याच वंशातला आहे. त्यानंतरची तीन-चार दशके रुग्णांची निवड ढोबळ होती, बहुतेक व्हॉल्व्ह एकाच ठरलेल्या दाबाचे होते आणि गुंतागुंती पुष्कळ होत्या. जुन्या डॉक्टरांच्या मनात त्या काळातले निकाल घर करून आहेत, आणि त्यांचा दोष म्हणता येणार नाही.

पुढचे चित्र वेगळे आहे. २०१३ मध्ये ६४ अभ्यास व ३,००० हून अधिक रुग्ण एकत्र पाहिले गेले, त्यात सरासरी ७१ टक्के रुग्णांना सुधारणा झाली होती. दीर्घकाळाबद्दल अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा २००८चा अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्यात ५५ रुग्णांना किमान तीन वर्षे पाहिले आणि तिसऱ्या वर्षीही ८३ टक्के रुग्णांचे चालणे शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा चांगले होते. परंतु त्याच ५५ जणांपैकी ५३ टक्के लोकांना शंटची दुरुस्ती करावी लागली, आणि त्या दुरुस्त्यांपैकी ७४ टक्के दुरुस्त्यांनंतर प्रकृती पुन्हा सुधारली. हे दोन आकडे एकत्र वाचायला हवेत. फायदा टिकला तो एकदा नळी बसवून विसरून गेल्यामुळे नव्हे, तर बिघडल्यावर कुणीतरी पुन्हा उघडून पाहिल्यामुळे. वाशीच्या ताईंनी जे लिहिले आहे ते याच आकड्यातले एक घर आहे.

माझी एक व्यावसायिक कुरकूर नोंदवतो. सातव्या वर्षी जे तपासणीला येतात ते मुळात जिवंत असलेले आणि येऊ शकणारे असतात. निधन पावलेले आणि अंथरुणाला खिळलेले त्या टक्केवारीत दिसत नाहीत. म्हणून दूरच्या वर्षांचे आकडे जितके गोंडस दिसतात त्याहून थोडे कमी धरावेत. शिवाय या रुग्णांमध्ये रक्तदाब आणि मधुमेह अधिक आढळतात, त्यामुळे पाचव्या वर्षी पाय मंदावले तर कारण शंट असेल, मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या असतील किंवा दोन्ही असतील. फिनलंडमधील कुओपिओ येथे शंट बसवतानाच मेंदूचा सूक्ष्म तुकडा तपासला जात असे, आणि त्यात पुष्कळांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा आधीपासूनच सापडल्या. स्मरणशक्तीचा फायदा सर्वांत कमी का टिकतो, याचे एक उत्तर तिथे आहे.

शंटचा फायदा निव्वळ मनाचा खेळ आहे का, ही शंकाही पूर्वी रास्त होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९९ रुग्णांना शंट बसवला, परंतु अर्ध्यांचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवला आणि कुणाचा चालू, कुणाचा बंद हे रुग्णांना सांगितले नाही. तीन महिन्यांनी चालू गटाचा चालण्याचा वेग सेकंदाला ०.२३ मीटरने वाढला होता आणि बंद गटाचा केवळ ०.०३ मीटरने. तुमच्या वडिलांचा वेग चाचणीत ०.४५ वरून ०.६७ झाला, म्हणजे जवळपास तितकाच. एरवी हा आकडा किरकोळ वाटेल, पण सिग्नलवर १२ मीटरचा रस्ता ओलांडायला २७ सेकंद लागणे आणि १८ लागणे यांत एका रिक्षेचा फरक असतो. याच चाचणीत मेंदूभोवती रक्त साठण्याचे प्रमाण चालू गटात १२ टक्के आणि बंद गटात २ टक्के होते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. उलट पडण्याचे प्रमाण बंद गटात जास्त होते. अर्थात ही चाचणी तीन महिन्यांची आहे. तिच्यावरून सातव्या वर्षाचा अंदाज बांधू नये.

राहिला प्रश्न थांबून पाहण्याचा. काकांचे म्हणणे मानले तर काय होते, याचे उत्तर स्वीडनमधून मिळते. तिथे प्रतीक्षा यादीमुळे ३३ रुग्णांची शस्त्रक्रिया सहा महिन्यांहून अधिक लांबली. त्यांपैकी निम्म्यांना तर वर्षाहून जास्त थांबावे लागले. या काळात त्यांची प्रकृती खालावली, आणि नंतर शंट बसवल्यावर सुधारणा झाली तरी ती वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पातळीला पोहोचली नाही. न करणे म्हणजे आहे तिथे राहणे, असे या आजारात होत नाही.

फिजिओथेरपिस्ट, ठाणे पूर्व

मी कोपरीत फिजिओथेरपी करते आणि शंट झालेले अनेक ज्येष्ठ माझ्याकडे येतात. वरील प्रतिसादांत शंटबद्दल पुरेसे आले आहे, म्हणून पायांबद्दल लिहिते.

शंटने मेंदूकडून पायांना जाणाऱ्या संदेशांतला अडथळा कमी होतो, पण दोन वर्षे खुर्चीत बसून गेलेली मांडीची ताकद शंट परत आणत नाही. ज्या घरात शस्त्रक्रियेनंतर "आता बरे झाले" म्हणून व्यायाम थांबतो, तिथे दुसऱ्या वर्षी जी घसरण दिसते तिच्यात शंटचा वाटा किती आणि स्नायूंचा किती हे ओळखणे कठीण होऊन बसते. म्हणून मी एक आग्रह धरते : शस्त्रक्रियेपूर्वी, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच चपला घालून १० मीटरचे अंतर घड्याळ लावून चालावे, वळताना किती पावले लागली ते मोजावे आणि व्हिडिओ काढून ठेवावा. सोसायटीचा पार्किंगमधला सरळ पट्टा यासाठी उत्तम. सर्जनांना "पूर्वीपेक्षा कमी चालतात" असे सांगण्याऐवजी १५ सेकंदांचे १९ झाले असे सांगता आले, तर तपासणी लवकर होते.

बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. हा सल्ला आजीबाईचा वाटेल, परंतु पाणी पोटातच सोडलेले असते, आणि पोट फुगून आतला दाब वाढला तर पाण्याचा निचरा मंदावतो. माझ्याकडच्या एका आजोबांचे पाय दर काही आठवड्यांनी जड होत, आणि त्याचे मूळ तिथे निघाले.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये आणि तशीच चालूही ठेवू नये. स्टेंटचा प्रकार व तारीख घेऊन हृदयरोगतज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन यांनी एकमेकांशी बोलून ते ठरवले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर पडणे टाळणे हेही यासाठीच महत्त्वाचे आहे. न्हाणीघरात दांडा आधी बसवा, शस्त्रक्रियेची तारीख नंतर घ्या, इतके मी सांगेन.

ऐरोलीकर

माझे वय ४१ आहे. क्षयरोगाच्या मेंदूज्वरानंतर २८व्या वर्षी माझ्या डोक्यात पाणी साठले आणि शंट बसवला गेला. आतापर्यंत दोन दुरुस्त्या झाल्या. मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आपल्याकडे "डोक्यात पाणी" म्हटले की लोक सगळे आजार एकाच पिशवीत घालतात आणि दुसऱ्याच्या आजाराचे आकडे ऐकून घाबरतात. बहुधा नौपाडकरांच्या काकांनी कुठेतरी माझ्यासारख्याची गोष्ट ऐकली असावी.

मेंदूत रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते, आणि कोणत्याही क्षणी आत साधारण दीडशे मिलिलिटर असते, म्हणजे दिवसातून तीन वेळा ते बदलते. माझ्या आजारात त्याचा मार्गच बुजला होता, त्यामुळे शंट बंद पडला की काही तासांत डोके दुखते, उलट्या होतात आणि झोप अनावर होते. ती तातडीची वेळ असते. पहिल्या दुरुस्तीच्या रात्री भावाने मला ऐरोलीहून गाडीत घातले तेव्हा मी त्याला ओळखत नव्हतो. एनपीएचमध्ये शंट बंद पडला तर बहुधा आठवड्या-महिन्यांत जुनी लक्षणे हळूहळू परत येतात. आता ते घाबरवणारे आकडे. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये क्षयाच्या मेंदूज्वरासाठी चार श्रेणी मांडल्या. शुद्धीवर असलेल्या पहिल्या श्रेणीत दीर्घकाळातील मृत्यूचे प्रमाण २० टक्के होते, तर पूर्ण बेशुद्ध अशा चौथ्या श्रेणीतले कुणीही वाचले नव्हते. हे आकडे मेंदूज्वराचे आहेत, शंटचे नाहीत, आणि ७४ वर्षांच्या एनपीएचच्या रुग्णाला ते मुळीच लागू नाहीत.

खर्चाबद्दल. माझा पहिला शंट भारतीय बनावटीचा, ठरावीक दाबाचा छाब्रा शंट होता. युगांडात लहान मुलांमध्ये त्याची महागड्या परदेशी शंटशी तुलना झाली होती, तेव्हा वर्षभरात फरक आढळला नव्हता. त्यामुळे स्वस्त म्हणजे वाईट असे कुणी सांगितले तर मान्य करू नका. तरीही तुमच्या वडिलांसारख्या रुग्णात, जिथे दाब थोडाथोडा जुळवत न्यावा लागतो आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिथे सेटिंग बदलता येणाऱ्या व्हॉल्व्हसाठी पैसे घालणे मला योग्य वाटते, कारण जास्त पाणी वाहू लागले तर पुन्हा चिरफाड न करता दाब वाढवता येतो. प्रतिजैविक लावलेल्या नळ्यांबद्दलही विचारा. ब्रिटन व आयर्लंडमध्ये १,६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साध्या नळीमुळे ६ टक्के रुग्णांना जंतुसंसर्ग झाला, तर या नळीमुळे २ टक्क्यांना. शासकीय योजनेतून करणार असाल तर पॅकेजमध्ये कोणता व्हॉल्व्ह व कोणती नळी येते, हे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडून, लिखित घ्या.

नौपाडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर्व प्रतिसाद मी छापून वडिलांना दिले. त्यांनी लाल पेनाने खुणा करत दोन दिवस वाचले. एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूकही काढली आहे, ती कोणाची हे सांगत नाही. त्यांचे म्हणणे असे : "दुरुस्ती करावी लागेल हे आधी सांगितले असते तर मी घाबरलो नसतो. सायकललाही लागतेच." काकांनी अद्याप होकार दिलेला नाही, पण दवाखान्यात सोबत येण्याचे कबूल केले आहे.

दोन्ही डॉक्टरांचे बोलणे झाले असून गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे त्यांनी लिहून दिले आहे. एक शंका उरली. शस्त्रक्रियेनंतर चुंबकापासून किती सांभाळावे? घरात इंडक्शनची शेगडी आहे, आणि वडिलांना मोठे हेडफोन लावून नाट्यसंगीत ऐकायची सवय आहे.

वाशीची सून

शेगडीसमोर उभे राहून स्वयंपाक करायला आम्हाला कुणी मनाई केली नाही. डोके शेगडीला टेकवत नाही तोवर प्रश्न येत नाही. हेडफोनचे मात्र विचारा. त्यात चुंबक असतात आणि ते नेमके कानामागे, व्हॉल्व्हच्या जवळ येतात. आमच्या सर्जनांनी मोठे हेडफोन बंद करायला सांगितले, आणि फोन व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूच्या कानाला लावायला सांगितला. सासूबाई आता स्पीकरवर ऐकतात, त्यामुळे सकाळी सहा वाजता सगळ्या मजल्याला भजने ऐकू येतात.

नौपाडकर

मग आमच्या मजल्याला नाट्यसंगीत. पुढच्या गुरुवारची तारीख मिळाली आहे. आज संध्याकाळी पार्किंगमध्ये खडूने १० मीटरची रेघ आखली. वडिलांना २४ सेकंद लागले आणि वळताना नऊ पावले. व्हिडिओ काकांनी काढला.